नौपाडा, ठाणे : जुना फ्यूज बोर्ड काढून एमसीबी (आपोआप पडणारे खटके) बसवायचे आहेत; तीन कोटेशनमध्ये इतका फरक कसा?

घंटाळीकर (धागाकर्ती)

नमस्कार. आमचे घर नौपाड्यात १९८३ साली बांधलेल्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. दाराच्या मागे लाकडी पाटीवर लोखंडी मेन स्विच आणि त्याखाली चिनीमातीचे सहा किटकॅट फ्यूज, ही रचना पहिल्या दिवसापासून तशीच आहे. फ्यूज उडाला की सासरे स्टुलावर चढून स्वतः तार बांधत आले आहेत, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे ५, १० व १५ अँपिअरच्या तारांचे कार्ड आजही आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात असते. गेल्या महिन्यात गीझर चालू असताना बोर्डाजवळ जळका वास येऊ लागला, म्हणून मेन बंद करून मी गीझरचा फ्यूज ओढून पाहिला. त्यात कार्डावरची तार नव्हतीच. कुणीतरी फ्लेक्झिबल वायरचे पाच-सहा तांब्याचे केस पिळून बसवले होते, चिनीमाती एका बाजूने चहाच्या डागासारखी तपकिरी झाली होती आणि पितळी स्क्रू काळा पडून सैल झाला होता.

त्यानंतर तीन ठिकाणांहून कोटेशन घेतले. पहिले आमच्याच गल्लीतील इलेक्ट्रिशियनचे. त्यांनी वहीच्या पानावर "डीबी बदली, मालासकट ७,५००" एवढेच लिहून दिले (डीबी म्हणजे एमसीबी बसवायचा डबा). दुसरे एका परवानाधारक वायरमनचे असून त्यात ८ वे (आठ जागांचे) डबल डोअर डीबी १,६५०, ४० अँपिअरचा डीपी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी ८५०, ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा खटका) २,४००, सात एसपी (फक्त फेज तोडणारे) एमसीबी प्रत्येकी २२० प्रमाणे १,५४०, वायर-लग-फेरूल वगैरे १,४६० आणि मजुरी ५,५००, असे एकूण १३,४०० रुपये आहेत. तिसरे वागळे इस्टेटमधील एका ठेकेदार संस्थेचे. त्यात १२ वे डीबी, ६३ अँपिअरचा आयसोलेटर, प्रत्येक पॉवर सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) आणि एक सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून संरक्षण) धरून ३५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३०० रुपये होतात.

साडेसात हजार आणि एक्केचाळीस हजार हे एकाच कामाचे दर असू शकतात का, आणि तुलना नेमकी कशाची करायची, हे जाणकारांनी सांगावे.


खाडीकाठ

कुठलेही मत देण्यापूर्वी तीन-चार गोष्टी कळायला हव्यात. घरात एसी किती आहेत? महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती छापला आहे? आतील वायरिंग तांब्याचे आहे की अॅल्युमिनियमचे? आणि अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलेली आहे का? १९७०-८० च्या दशकांतील पुष्कळ इमारतींमध्ये अॅल्युमिनियम वापरलेले असते आणि तिथे नुसता डबा बदलून भागत नाही.


घंटाळीकर

दीड टनाचे दोन एसी, २ किलोवॅटचा १५ लिटरचा गीझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, फ्रिज आणि अलीकडे घेतलेली इंडक्शन शेगडी. बिलावर मंजूर भार १.५ किलोवॅट आहे. तो कधी वाढवावा लागतो हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आतील वायरिंग तांब्याचे आहे, पण तळमजल्यावरील मीटरच्या खोलीतून घरापर्यंत येणारी मेन वायर पांढरी चकचकीत, एकेरी जाड तारेची आहे, म्हणजे ती अॅल्युमिनियमची असावी. अर्थिंगची एक गंजकी तार बोर्डाच्या लोखंडी पेटीला गुंडाळलेली दिसते. पुढे ती कुठे जाते हे कोणालाच सांगता आले नाही, आणि खरे सांगायचे तर तिन्ही इलेक्ट्रिशियनपैकी कोणी ते विचारलेही नाही.


वायरमनपुत्र

माझे वडील तीस वर्षे परवानाधारक वायरमन होते आणि मी स्वतः वाशीत हेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे एकाच कामाचे तीन दर आलेले नाहीत. तीन वेगळ्या कामांचा प्रत्येकी एक दर आला आहे, म्हणून खालचा आकडा बाजूला ठेवून आधी प्रत्येकाने काय गृहीत धरले आहे ते उलगडावे.

७,५०० च्या कागदावर आरसीसीबीचा उल्लेख नाही, आणि त्या पैशात तो बसतही नाही. तेव्हा ते काम म्हणजे फ्यूजच्या जागी एमसीबी, एवढेच आहे. एमसीबी वायरला वाचवतो. गीझरची कॉइल फुटून पाण्यात वीज उतरली, तर माणसाच्या अंगातून जाणारा काही मिलिअँपिअरचा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. तो प्रवाह ओळखून खटका पाडणे हे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे काम आहे. बाजारात त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात, त्याने गोंधळून जाऊ नये. उलट आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच.

१३,४०० चे कोटेशन सर्वांत प्रामाणिक दिसते, पण त्यात एक साधी बेरीज चुकलेली आहे. डीपी एमसीबी दोन जागा घेतो, आरसीसीबी दोन घेतो आणि सात एसपी मिळून सात, म्हणजे अकरा जागा झाल्या. त्या ८ वे डब्यात कशा मावणार? काही कंपन्या "८ वे" म्हणताना एकूण जागा मोजतात आणि काही इनकमर (सुरुवातीचा मुख्य खटका) सोडून मोजतात, त्यामुळे डब्याचे नेमके मॉडेल लिहून मागावे. तरीही माझा सल्ला १२ वेचा आहे, कारण पुढे एखादे सर्किट वाढले तर डब्याशेजारी दुसरा डबा लटकवण्याची पाळी येऊ नये.

४१,३०० चे कोटेशन दिसायला सर्वांत भारी आहे, आणि नेमकी तिथेच मला सर्वांत मोठी शंका आहे. प्रत्येक सर्किटला आरसीबीओ लावायचा, तर प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल स्वतंत्रपणे डीबीपर्यंत आलेला हवा. जुन्या घरांत न्यूट्रल या खोलीतून त्या खोलीत लूप केलेला असतो. बेडरूमचा फेज एका फ्यूजवरून आणि न्यूट्रल स्वयंपाकघराच्या फ्यूजवरचा, असा संसार चाललेला असतो. फ्यूजला त्याचे काही वाटत नाही. आरसीबीओ मात्र जाणारा आणि परतणारा प्रवाह यांतील फरक मोजतो, त्यामुळे परतीचा प्रवाह दुसऱ्या वाटेने गेला की तो तत्क्षणी पडतो. न्यूट्रल शोधून वेगळे करण्याची मजुरी त्या कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही, म्हणजे ती "जादा काम" म्हणून नंतर येणार. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी लावला, तर आतले न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असूनही चालते, कारण सगळा प्रवाह शेवटी त्याच्यातूनच परततो. त्याची उणी बाजू अशी की कुठेही गळती झाली तर फ्रिजसह सारे घर अंधारात जाते. मधला मार्ग म्हणून मुख्य आरसीसीबी ठेवून पुढेमागे न्यूट्रल वेगळे करून दोन भाग करता येतात.

त्याच कोटेशनमधील ६३ अँपिअरचा आयसोलेटर हा नुसता हाताने बंद-चालू करायचा स्विच आहे, तो स्वतःहून कधीच पडत नाही. आपली मेन वायर अॅल्युमिनियमची असेल आणि तिचा व्यास सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास असेल, तर ती ४ चौरस मिलिमीटरची आहे आणि पाइपमधून जाताना तिची क्षमता विशीच्या आसपास अँपिअर धरावी. गीझर २,००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, इंडक्शन तेवढीच, दोन एसी मिळून चौदा-पंधरा. उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी हे सारे एकदम चालू झाले, तर तीसच्या वर आकडा जातो. तिन्ही कोटेशनमध्ये या वायरबद्दल एक शब्द नाही. सगळ्या घराचा भार त्या एका वायरवर असताना नुसता डबा बदलणे म्हणजे जुन्या, गंजक्या नळाला नवी तोटी लावण्यासारखे होईल. शिवाय अॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबते आणि सांधा सैल होतो, त्यामुळे नव्या एमसीबीच्या टर्मिनलवरही काही वर्षांत तोच तपकिरी डाग पडेल.

माझ्या मते मीटरच्या खोलीपासून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी मेन, सोबत ४ ची अर्थ वायर, इनकमर म्हणून ३२ अँपिअरचा डीपी एमसीबी, त्यापुढे ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि वायरच्या जाडीला साजेसे एमसीबी, अशी यादी आपणच करावी आणि तिघांनाही तीच देऊन दर मागवावेत. साजेसे म्हणजे, दिव्या-पंख्याच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरला १० अँपिअरच्या वर जाऊ नये आणि एसी-गीझरच्या २.५ ला १६ किंवा फार तर २०. जुन्या घरात बहुधा ३/२२ ची वायर असते, म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. तिच्यावर "सारखा पडतो" म्हणून ३२ चा एमसीबी बसवलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.


जुने_ते_सोने

मी या विषयातला तज्ज्ञ नाही, पण चाळीस वर्षे किटकॅट वापरतो आहे आणि कधी काही झाले नाही. एमसीबी जरा काही झाले की पडतात, त्यापेक्षा योग्य तारेचा फ्यूज काय वाईट? धागाकर्तीच्या घरी दोष फ्यूजचा नव्हता, त्यात चुकीची तार भरणाऱ्याचा होता.


वायरमनपुत्र

शेवटचे वाक्य पूर्ण मान्य आहे. योग्य तारेचा किटकॅट शॉर्ट सर्किटला बरा उडतो. ओव्हरलोडला मात्र तो ढिला असतो. तार वितळायला तिच्या लिखित क्षमतेच्या दुपटीच्या आसपास प्रवाह लागू शकतो, तर घरगुती एमसीबी मानकानुसार १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. आणि मुख्य म्हणजे फ्यूजमध्ये कोणती तार भरायची हे प्रत्येक वेळी स्टुलावर चढलेल्या माणसाच्या हाती राहते. एमसीबीवर "सी १६" (म्हणजे १६ अँपिअर) छापलेले असते, ते कुणाला पिळून बदलता येत नाही. गळतीच्या बाबतीत दोघेही सारखेच निरुपयोगी आहेत, म्हणून माझा आग्रह आरसीसीबीचा आहे. एमसीबी त्याच्या ओघाने येतो.


नेरुळची_सून

आरसीसीबी बसवला म्हणजे काम झाले असे समजू नये, यासाठी आमचा अनुभव लिहिते. आमचे घर सिडकोने बांधलेल्या वसाहतीत आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही बोर्ड बदलून घेतला, पैसे चुकते केले आणि जुलैचा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्रीपासून आरसीसीबी दर दोन तासांनी पडू लागला. इलेक्ट्रिशियनला बोलावले. तो अर्ध्या तासात "दुरुस्त" करून तीनशे रुपये घेऊन गेला आणि त्यानंतर खटका एकदाही पडला नाही, म्हणून आम्ही त्याला दुवा देत राहिलो.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत माझा दीर रंगकामासाठी सारी वीज बंद करायला गेला. त्याने आरसीसीबीचा खटका खाली पाडला, तरी दिवे चालूच! पुढचे झाकण काढल्यावर दिसले की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टर्मिनलना वायरचे दोन तुकडे जोडून आरसीसीबीला वळसा घातलेला होता. म्हणजे सव्वा वर्ष तो डब्यात नुसता शोभेला बसला होता. खरे कारण गच्चीकडच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी जाणे हे होते, आणि तो होल्डर पन्नास-साठ रुपयांत बदलून झाला.

त्यामुळे कोटेशनमध्ये "काम झाल्यावर पहिल्या पावसातील ट्रिपिंगचे कारण शोधून देणे" हे लिहून घ्यावे, असे मला वाटते. आणि महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबावे. पडला नाही तर समजावे की काहीतरी बिनसले आहे.


पाचपाखाडी_४२०

एक व्यावहारिक प्रश्न. या भागातील प्रत्येक जुन्या इमारतीत पुनर्विकासाची चर्चा चालू असते. दोन-तीन वर्षांत इमारत पाडली जाणार असेल, तर तीस-चाळीस हजार भिंतीत घालावेत का?


खाडीकाठ

आमच्या इमारतीची ती चर्चा अकरा वर्षे चालू आहे, एवढेच उत्तर देतो. शिवाय डीबी, एमसीबी आणि आरसीसीबी काढून नेता येतात. वाया जाते ती मजुरी आणि काही वायर. तशी शक्यता असेल तर भिंत न फोडता बाहेरून बसणारा डीबी आणि पीव्हीसी पट्टीतून वायरिंग मागावे. प्लास्टर आणि रंगाचा खर्चही वाचतो, आणि तो खर्च सहसा कोणाच्याच कोटेशनमध्ये नसतो.


लोहारचाळ_फेरी

मालाच्या दराबद्दल एक बाब. स्विचगिअरवर छापलेली किंमत आणि प्रत्यक्ष बाजारभाव यांत बरेच अंतर असते, आणि मुंबईत लोहार चाळीत किंवा ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या दुकानात छापील किमतीवर भरघोस सूट मिळते. दुसऱ्या कोटेशनमधील आकडे मला सूट धरून दिलेले वाटतात. तिसऱ्यात वस्तुनिहाय दरच नसल्यामुळे तो माल छापील किमतीने लावला आहे की काय, ते कळायला मार्ग नाही. कंपनी, मॉडेल, संख्या आणि दर असे चार रकाने मागणे हा आपला हक्क आहे आणि त्यात कोणी अपमान मानून घेऊ नये.

कंपनीचे नाव लिहून घेतानाही नेमकेपणा हवा. एल अँड टीचा स्विचगिअर व्यवसाय श्नायडरने २०२० मध्ये घेतला आणि २०२४ पासून तो माल लॉरिट्झ नुडसेन या नावाने येतो, तरी कोटेशनमध्ये सवयीने अजूनही जुने नाव लिहिले जाते. माल हाती आला की एमसीबीवरील आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपमध्ये घालून पाहावा. त्याच ठिकाणी चौकटीत १०००० असा आकडा छापलेला असतो, ती त्याची शॉर्ट सर्किट तोडण्याची क्षमता, म्हणजे दहा किलोअँपिअर.

जीएसटीबद्दल : १८ टक्के लावणाऱ्याने बिलावर नोंदणी क्रमांक देणे बंधनकारक आहे, आणि ज्याची नोंदणीच नाही त्याला हा कर वेगळा आकारता येत नाही. त्यामुळे दोन कोटेशनची तुलना करताना दोन्ही करासह किंवा दोन्ही कराविना धरावीत.


वायरमनपुत्र

परवान्याचा मुद्दा राहून गेला होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार, म्हणजे आधीच्या २०१० च्या आणि आता लागू असलेल्या २०२३ च्या नियमांनुसारही, घरातील वीजसंचाचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचे असते. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच असे सुटे भाग बदलण्यापुरती सूट आहे. म्हणजे फ्यूज बदलायला परवाना लागत नाही, पण सबंध फ्यूज बोर्ड बदलून क्षमता वाढवायला लागतो. आपल्याला मंजूर भारही वाढवून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी महावितरणला परवानाधारकाचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. तो अहवाल देण्याचे काम कोटेशनमध्ये आहे की नाही, हेही विचारावे.

मीटर आणि त्याच्या सीलला कोणालाही हात लावू देऊ नये. मीटरशी छेडछाड हा वीज कायदा २००३ च्या कलम १३८ खाली गुन्हा आहे, आणि नोटीस वायरमनच्या नव्हे तर ग्राहकाच्या नावाने येते. मीटरनंतरचा आपला कटआउट (मुख्य फ्यूज) काढून काम होत असेल तर प्रश्न नाही. मीटरच्या आधी काही करायचे असेल तर महावितरणच्या माणसालाच बोलवावे.

आणि सर्ज प्रोटेक्टरवर पैसे घालण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावे. जादा व्होल्टेज जमिनीत सोडायला वाटच नसेल, तर तो प्रोटेक्टर बसवून उपयोग नाही.


घंटाळीकर

सर्वांचे मनापासून आभार. वायरमनपुत्र यांनी सांगितल्याप्रमाणे एका कागदावर यादी केली : १२ वे भिंतीबाहेरचा डीबी, ३२ चा डीपी, ४० अँपिअरचा आरसीसीबी, सात एसपी, सहा चौरस मिलिमीटरची नवी मेन, चारची अर्थ वायर, प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल ओळखून खुणा करणे, मेगर (वायरचे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) चाचणी, चाचणी अहवाल आणि पहिल्या पावसाची जबाबदारी. तीच यादी तिघांनाही दिली.

गल्लीतील इलेक्ट्रिशियनने ती वाचली आणि सरळ सांगितले की, "ताई, माझ्याकडे परवाना नाही, मीटरच्या खोलीतले काम आणि अहवाल मला जमणार नाही." मला त्यांचा आदरच वाटला. ठेकेदार संस्थेचा नवा आकडा करासह ४४,८४० आला. आरसीबीओ आणि सर्ज प्रोटेक्टर यादीत नसतानाही तो वाढला कसा, याचे उत्तर "मेन वायरमुळे" एवढेच मिळाले, आणि वस्तुनिहाय दर मात्र शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

दुसऱ्या वायरमननी ८ वेची चूक लगेच कबूल केली. त्यांच्या जुन्या १३,४०० मध्ये आता डब्याचा फरक ४५०, वायर ६,२००, पाइप आणि पट्टी १,५००, मेन ओढण्याची मजुरी ३,५०० आणि न्यूट्रल ओळखण्याचे व अहवालाचे २,५०० मिळून २७,५५० झाले. नंतर ते स्वतःहून मेगर घेऊन आले. सगळी उपकरणे काढून त्यांनी एकेक सर्किट ५०० व्होल्टवर तपासले. बाकी सर्व ठीक निघाली, पण स्वयंपाकघराच्या सर्किटचा इन्सुलेशन रेझिस्टन्स फक्त ०.३ मेगओम आला, जो निदान १ तरी हवा. सिंकच्या मागच्या टाइलमधून ओल जाऊन पाइपातील वायर भिजत होती. ती वायर सोडून देऊन पट्टीतून नवी ओढण्याचे ३,२०० वाढले, म्हणजे एकूण ३०,७५०. ही रक्कम पहिल्या आकड्याच्या चौपटीहून अधिक आहे, हे मान्य करते. पण हीच ओल आरसीसीबी बसवल्यानंतर कळली असती, तर आमच्याकडेही नेरुळसारखा वळसा पडला असता.


नेरुळची_सून

यांनाच काम द्या. कोटेशन देण्याआधी मेगर लावणारा माणूस मला तर आजवर भेटलेला नाही. फक्त थोडी रक्कम पावसानंतरसाठी राखून ठेवा.


वायरमनपुत्र

सहमत आहे. काम झाल्यावर त्यांच्यासमोरच चार गोष्टी करून घ्याव्यात : टेस्टचे बटण दाबून आरसीसीबी पाडणे, तो पडलेला असताना घरात कुठेही वीज नाही याची खात्री करणे, एकेक एमसीबी बंद करून त्याने काय काय बंद होते ते डब्याच्या दाराच्या आत लिहिणे, आणि गीझर-एसी एकदम तासभर चालवून नंतर टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळणे. टेस्टचे बटण अर्थिंग तपासत नाही, ते वेगळ्या मीटरने पाहावे लागते.


घंटाळीकर

काम गेल्या शनिवारी झाले, म्हणून धागा पूर्ण करते. सेक्रेटरींकडून मीटरच्या खोलीची किल्ली घेतली, सकाळी दहाला कटआउट काढला आणि संध्याकाळी साडेसहाला वीज परत आली. जुन्या मेनचे टोक मेन स्विचमधून सोडवले, तेव्हा तिचे इन्सुलेशन वीतभर अंतरापर्यंत बिस्किटासारखे तुटून हातात आले.

वीज आली आणि आरसीसीबी लगेच पडला. सातही एमसीबी बंद करून एकेक चालू केल्यावर दोष हॉलच्या सर्किटमध्ये सापडला, पण हॉलमधील सगळे दिवे-पंखे काढूनही तो पडतच होता. तासभर शोधाशोध चालल्यावर सासऱ्यांना आठवले की दाराबाहेरचा पॅसेजचा दिवा आपल्याच बटणावर आहे. त्या दिव्याचा फेज आमच्या घरातून आणि न्यूट्रल जिन्यातील सोसायटीच्या वायरवरून घेतलेला निघाला! ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो, तेवढा प्रवाह आमच्या आरसीसीबीतून बाहेर जाऊन परत येत नव्हता, आणि त्याला पडायला तीसच पुरेसे आहेत. न्यूट्रल घरातून दिला आणि प्रश्न मिटला. हा दोष किती वर्षे होता कोण जाणे. फ्यूजने तो कधीच दाखवला नव्हता.

अर्थिंगचे काम अर्धे राहिले आहे. आमची नवी अर्थ वायर मीटरच्या खोलीपर्यंत आली, पण इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यातील पट्टीच गंजून तुटल्याचे तिथे दिसले. तो खर्च सोसायटीचा असल्यामुळे विषय पुढच्या सभेत घेतला आहे, आणि तोवर सर्ज प्रोटेक्टरचा विचार बाजूला ठेवला आहे. अर्थ नसतानाही आरसीसीबी माणसाला वाचवतो, मात्र गळती अंगातून गेल्यावरच पडतो, हे वायरमननी बजावून सांगितले. म्हणून गीझर बंद करूनच आंघोळीला जायचे, असा नियम घरात सध्या चालू आहे.

मंजूर भार वाढवण्याचा अर्ज चाचणी अहवालासह दिला आहे. डब्याच्या दारावरची सर्किटची यादी सासऱ्यांनी त्यांच्या अक्षरात लिहिली आणि "हॉल" पुढे कंसात "बाहेरचा दिवा धरून" असे टाकले. जुने सहा किटकॅट वायरमननी भंगारात मागितले होते, पण सासऱ्यांनी पाच दिले आणि एक ठेवून घेतला. ३,००० रुपये राखून ठेवले आहेत. पावसाचे पहिले पंधरा दिवस सुरळीत गेले की देणार.